रँग्लरच्या मागच्या दरवाज्यावर 35 इंची स्टेपनी

डेन्व्हरच्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: जीप रँग्लर रुबिकॉनचे (जेएल पिढीची गाडी) 285/70 आर17 टायर काढून 315/70 आर17 घातले, म्हणजे 285 मिमी रुंदीऐवजी 315 मिमी रुंदीचे, ज्यांना 35 इंची म्हणतात. त्यासोबत 8.5 इंच रुंदीच्या, शून्य ऑफसेटच्या नव्या रिम घेतल्या (ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ती जिथे टेकते त्या पृष्ठभागाचं अंतर). पाचवं चाक मागच्या दरवाज्यावरच्या, कंपनीच्याच कॅरियरवर (चाक धरणाऱ्या चौकटीवर) चालेल का? ऑक्टोबरात युटा राज्यातल्या मोॲबजवळचा व्हाइट रिम रोड हा कच्चा रस्ता करायचा बेत आहे, आणि टायरवाला म्हणतोय, "नट बसतायत ना, मग झालं."

नट बसतीलच, त्यात शंका नाही. पण मूळ कॅरियरवर चाक नुसत्या नटांच्या जोरावर टिकत नाही, आणि तुमची गडबड तिथेच होणार आहे.

आधी व्यासाचं बघून टाकू, कारण सगळे त्याचीच धास्ती घेतात. 285/70 चा व्यास 831 मिमी, 315/70 चा 873. म्हणजे खाली 21 मिमी आणि वर 21 मिमी वाढ. मूळ बंपर असेल तर एवढं सहसा खपून जातं. बाजारातून घेतलेला स्टीलचा बंपर लावला असेल तर सध्याच्या टायरखालची फट मोजा, त्यातून 21 वजा करा. बोटभर जागा उरत नसेल तर चाक वर घेणारा ब्रॅकेट लागेल.

आता खोलीचं गणित. चाक कॅरियरला जिथे टेकतं तिथून टायर दरवाज्याकडे किती आत येतो ते काढा: टायरच्या रुंदीचा निम्मा भाग अधिक ऑफसेट. मूळ रिमचा ऑफसेट 44.45 मिमी आहे, म्हणून 285 चा टायर 142.5 अधिक 44.5, म्हणजे साधारण 187 मिमी आत येत होता. तुमच्या नव्या जोडीत 157.5 अधिक शून्य. टायर जवळजवळ 3 सेंटिमीटर बाहेरच राहिला.

दरवाज्यावरचे काळे रबरी ठोकळे बघितलेत? मूळ टायर त्यांच्यावर दाबून बसतो. त्या दाबामुळे चाक, कॅरियर आणि दरवाजा एकजीव होऊन हलतात. ठोकळ्यांपासून टायर सुटला की अख्खं चाक मधल्या बोल्टांवर लटकतं आणि प्रत्येक खड्ड्याला स्वतंत्र झोका घेतं. गावातल्या डांबरी रस्त्यावर काही कळणार नाही. पत्र्याच्या पन्हळीसारख्या कच्च्या रस्त्यावर तासभर चालवा, मागून खडखड सुरू होईल. पुढे बिजागरीपाशी रंगाला बारीक चिरा पडतात.

तपासायला कागदाची पट्टी पुरते. ठोकळा आणि टायर यांच्यामध्ये पट्टी धरा, नट पूर्ण कसा, मग ओढा. फाटली तर उत्तम. जोर लावून सरकली तर ठोकळा थोडा टायरकडे घ्या. सहज हातात आली तर ते चाक घेऊन मोॲबला जाऊ नका. लांबी कमीजास्त करता येणारे रबरी ठोकळे बाजारात मिळतात, तुम्हाला तेच हवेत. मात्र टायरमधली हवा नेहमीइतकी भरूनच ही तपासणी करा.

ज्यांनी मूळ रिमवरच 315 चढवलाय त्यांचं उलटं होतं. (7.5 इंची रिम त्या टायरला अरुंदच आहे, पण घालतात लोक.) तिथे टायर 202 मिमी आत येतो, ठोकळ्यांवर आधीच आदळतो, आणि रिम कॅरियरला सपाट टेकायच्या आत नट घट्ट झाल्यासारखे वाटतात. मग कुणीतरी मध्ये वॉशरची चळत घालून देतो. असलं काम करूच देऊ नका. घालायचाच तर एकसंध, मशीनवर घडवलेला स्पेसर (अंतर राखणारी जाड चकती) घाला, आणि त्यानंतर नटाला पुरेसे आटे मिळतायत का ते मोजा: बोल्ट जितक्या जाडीचा, निदान तितकी लांबी नटाच्या आत गेली पाहिजे.

वजनाचंही बघा. 35 इंची टायर अलॉय रिमसकट साधारण 40 ते 45 किलोच्या घरात जातो. शिवाय शून्य ऑफसेटमुळे चाकाचा मध्य पूर्वीपेक्षा 44 मिमी बाहेर सरकलाय, म्हणजे वजन वाढलं आणि तरफही लांबली. जेएलच्या दरवाज्याचा आतला सांगाडा मॅग्नेशियमचा आहे, त्यामुळे त्याला स्वतःहून भोकं पाडून पट्ट्या ठोकायचा विचार सोडा. मूळ भोकांतच बसणारा, बिजागऱ्यांपासून कॅरियरपर्यंत भार वाटून घेणारा मजबुतीकरणाचा संच घ्या. जीपच्या मूळ कंपनीच्या मोपार या सुट्या भागांच्या ब्रँडचाही आहे. 37 इंचाच्या पुढे जायचं असेल तर माझ्या मते दरवाज्याचा नाद सोडून बंपरवरचा स्वतंत्र, बाजूला उघडणारा कॅरियरच बघावा.

कॅमेरा आणि तिसरा ब्रेकलाइट विसरू नका. जेएलचा कॅमेरा स्टेपनीच्या मध्यभागी असतो. नव्या जोडीत टायरची बाहेरची कड 6 सेंटिमीटर पुढे येते, त्यामुळे पडद्यावर कडेने काळं रबर दिसायला लागेल. कॅमेरा पुढे आणणारा तुकडा मिळतो. ब्रेकलाइट टायरमागे झाकला जात असेल तर त्याचीही दांडी उंच करा, पोलिसाने थांबवण्याआधी.

"मग जुना 285 च स्टेपनी म्हणून ठेवू का?" असंही तुम्ही विचारलंय. व्हाइट रिम शंभर मैलांचा, वाटेत पेट्रोल नाही की पाणी नाही. तिथे मी पूर्ण मापाचंच चाक नेईन. घेरात 5 टक्के फरक असलेलं चाक लावून फोर व्हील ड्राइव्ह टाकलं की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो, लॉकर (एका एक्सलची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारं कुलूप) तर लावायचाच नाही, आणि त्या रस्त्यावर फोर लो (चारही चाकांचा हळू, जोरदार गिअर) लागणारच. हायवेवर घरी पोचण्यापुरतं जुनं चाक चालेल. तेव्हाही ते पुढच्या एक्सलला लावा. मागचा टायर गेला असेल तर पुढचं एक चाक काढून मागे टाका आणि लहान चाक पुढे. टू एच मध्ये (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद) ठेवा, हळू चालवा.

निघण्यापूर्वी सगळं बसवून एखाद्या कच्च्या रस्त्यावर चक्कर मारून या, परतल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा आणि कागदाची पट्टी परत एकदा ओढून बघा.