केरीत शिकून केरीतच काम मिळेल का?

तुमचा प्रश्न असा आहे, की आयर्लंडमधील केरी काउंटीत, ट्रली येथे संगणक विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतल्यास पुढे तेथेच काम मिळेल, की शेवटी डब्लिन गाठावे लागेल. आणि मालवणात हॉटेल व्यवसायात असलेल्या तुमच्या यजमानांना येथील पर्यटनात जागा मिळेल का. मी ट्रलीत राहतो आणि कामासाठी किलोर्गलिनला जातो. माझे मत असे, की केरीत काम मिळू शकते. मात्र येथील शिक्षण, पर्यटन आणि तंत्रज्ञान ही तीन क्षेत्रे एकमेकांत किती गुंतलेली आहेत हे समजून घेऊन ते शोधावे लागते.

२०२२ च्या जनगणनेनुसार केरीची लोकसंख्या १,५६,४५८ आहे आणि संपूर्ण काउंटीत एकही शहर नाही. याचा परिणाम नियोजनावर झाला. २००२ च्या राष्ट्रीय आराखड्यात ट्रली आणि किलार्नी यांना जोडकेंद्राचा दर्जा होता, परंतु २०१८ च्या आराखड्याने भर पाच शहरांवर दिला आणि केरीच्या बाजूला तो वाटा कॉर्क व लिमरिककडे गेला. त्यानंतरच्या प्रादेशिक धोरणात ट्रली, किलार्नी आणि किलोर्गलिन या तीन गावांचा एकत्रित ज्ञान-त्रिकोण मानण्यात आला. ही गावे एकमेकांपासून मोटारीने साधारण अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत, त्यामुळे नोकरी शोधताना तिन्ही मिळून एकच बाजारपेठ धरावी.

या त्रिकोणाचे मर्म कळते ते किलोर्गलिनमध्ये. दोन-अडीच हजार वस्तीच्या या गावात ब्रायन मॅकार्थी यांनी १९८१ मध्ये फेक्सको ही कंपनी सुरू केली. रिंग ऑफ केरी या मार्गाने फिरणाऱ्या परदेशी प्रवाशांना चलन बदलून देणे हा तिचा मूळ व्यवसाय. पुढे त्यातूनच, कार्डाने पैसे देताना रक्कम प्रवाशाच्या स्वतःच्या देशाच्या चलनात दाखवणारी सेवा उभी राहिली आणि कंपनीचा कारभार अनेक देशांत पसरला. येथील तंत्रज्ञान पर्यटकाच्या रोजच्या अडचणीतून वाढले, बाहेरून आणून बसवलेले नाही, आणि म्हणूनच ते टिकले असे मी मानतो. आज त्याच गावात फेक्सको, काउंटी कौन्सिल आणि मन्स्टर टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी यांनी मिळून आरडीआय (संशोधन, विकास व नवोपक्रम) हब उभे केले आहे, जेथे नवउद्योगांना जागा व मार्गदर्शन मिळते. तुम्ही पेमेंट प्रणाली, प्रवास-आरक्षण किंवा विदा (डेटा) विश्लेषण यांकडे वळणार असाल, तर प्रकल्पाचा विषय निवडतानाच या हबशी ओळख करून घ्यावी. छोट्या बाजारपेठेत जाहिरात निघण्याआधीच जागा भरल्या जातात, हे लक्षात असू द्यावे.

इतर मोठ्या नावांबद्दल भ्रम नसावा. केरी ग्रुप या खाद्यघटक बनवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय ट्रलीत आहे, पण त्यांचे मोठे संशोधन केंद्र किल्डेअर काउंटीतील नास येथे आहे. किलार्नीला १९५८ पासून लीबहेर ही मूळची जर्मन कंपनी बंदरांवरील कंटेनर क्रेन बनवते आणि त्या ट्रलीजवळच्या फेनिट बंदरातून जगभर जातात. तेथे यांत्रिकी आणि नियंत्रणप्रणाली जाणणाऱ्यांना वाव अधिक. विशेष म्हणजे किलार्नीतील काही मोठी हॉटेलेही लीबहेर यांच्याच मालकीची आहेत.

विद्यापीठाविषयी एक गोष्ट काळजीपूर्वक तपासा. कॉर्क आणि ट्रली येथील दोन तंत्रशिक्षण संस्था एकत्र येऊन १ जानेवारी २०२१ रोजी मन्स्टर टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी हे विद्यापीठ झाले, त्यामुळे नाव एकच असले तरी दोन्ही परिसरांत शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. प्रवेशपत्रावर कोणता परिसर लिहिला आहे ते पाहूनच घर शोधा. ट्रलीचा परिसर लहान असल्याने प्राध्यापकांपर्यंत थेट पोहोचता येते आणि केरी टेक्नॉलॉजी पार्क त्याला लागूनच आहे. याउलट संगणक-सुरक्षा किंवा मोठ्या क्लाउड कंपन्या हेच तुमचे ध्येय असेल, तर कॉर्क किंवा डब्लिनच निवडावे, असे मी स्पष्टपणे सांगेन.

आता यजमानांविषयी. किलार्नीत १९३२ मध्ये आयर्लंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले आणि ते गाव आजही मुख्यतः पर्यटकांवर चालते. मात्र हंगामाचे गणित तुम्ही मालवणात पाहिलेलेच आहे. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, तशा येथील स्केलिग मायकल बेटाच्या होड्या साधारण मे ते सप्टेंबर एवढ्याच चालतात, आणि हिवाळ्यात हॉटेलांतील कामाचे तास घटतात. (स्केलिग १९९६ पासून जागतिक वारसा आहे आणि २०२५ मध्ये सिंधुदुर्गही त्या यादीत आला, याचा मला मनापासून आनंद आहे.) त्याहून मोठी अडचण परवान्याची आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला जोडीदार सोबत आणण्याचा हक्क मिळत नाही. आचाऱ्यासारख्या काही कामांना परदेशी कामगारांसाठी परवाना मिळतो, पण वाढपी किंवा स्वागतकक्षातील कामांना सहसा मिळत नाही. म्हणून तुमचा मार्ग आधी मोकळा करावा: पदव्युत्तर पदवीनंतर काम शोधण्यासाठी कमाल २४ महिने राहता येते, त्या काळात क्रिटिकल स्किल्स परवान्याच्या (टंचाई असलेल्या उच्च कौशल्यांच्या कामांसाठीच्या परवान्याच्या) निकषांत बसणारी नोकरी मिळाली, तर यजमान येऊ शकतात आणि त्यांना वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येते. सारे ठीक झाले तरी तोपर्यंत तुम्हा दोघांना दोन-अडीच वर्षे वेगळे राहावे लागण्याची शक्यता आहे; पैशांचा हिशेब करण्याआधी घरात यावर बोलून घ्या.

घर हा येथील सर्वांत कठीण भाग आहे. पर्यटकांना अल्प मुदतीने घरे देण्यात अधिक कमाई असल्याने वर्षभराच्या भाड्याची घरे कमी पडतात, आणि सप्टेंबरात सत्र सुरू होते तेव्हा पर्यटनाचा हंगामही ओसरलेला नसतो. प्रवेश पक्का होताच, शक्यतो जूनच्या आत, विद्यापीठाच्या निवासव्यवस्थेकडे अर्ज करा. घर प्रत्यक्ष किंवा विश्वासू माणसामार्फत पाहिल्याशिवाय अनामत पाठवू नका. विद्यार्थी असेपर्यंत ट्रलीत पायी किंवा सायकलने भागते, पण किलोर्गलिनला रोज जायचे तर बसच्या वेळा पुरत नाहीत. भारतीय वाहन परवाना येथे बदलून मिळत नसल्याने लेखी परीक्षेपासून सुरुवात करावी लागते आणि नव्या चालकाचा विमा महाग पडतो, तेव्हा पहिल्याच सत्रात शिकाऊ परवान्याच्या मागे लागा. अभ्यासक्रमाचे नाव आणि परिसर कळवलात, तर त्या विषयाचे कोणते काम येथे चालते ते मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.