टाकी निवल्यावरच काटा वाचावा
तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकायला आलेल्या आपल्यासारख्या नवख्याने, कॉम्प्रेसरवरून नुकत्याच उतरवलेल्या आणि हाताला गरम लागणाऱ्या हवेच्या टाकीचा दाबमापक काटा २०० बार (बार हे दाबाचे एकक) दाखवतो म्हणून निश्चिंत होऊ नये. टाकीचे आकारमान बदलत नाही, त्यामुळे आतील हवेचा दाब केल्विनमधील (सेल्सिअस अधिक २७३) तापमानाच्या प्रमाणात बदलतो. ४७ अंश सेल्सिअसची, म्हणजे सुमारे ३२० केल्विनची हवा समुद्राच्या पाण्यात २७ अंशांपर्यंत निवली की तोच काटा १८८ बारच्या आसपास उतरतो. ही गळती नव्हे; मी मात्र पहिल्या वेळी उगाच ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बदलायला लावली होती. हिशेबात सेल्सिअसचे आकडे थेट वापरू नयेत. भरलेली टाकी होडीत उन्हात ठेवल्यास दाब उलट चढतो, म्हणून ती सावलीतच ठेवावी.