तुमचे प्रश्न, माझी कात्री

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच धाटणीची: ऋतू बदलला, कपाटाचं काय करू? त्यातली निवडक घेतली आहेत. फोटो पाठवून 'मला काय शोभेल' असं विचारणाऱ्यांना मात्र उत्तर देत नाही. कापड हाताला लागल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही कटिंगच्या टेबलावर लागलेली खोड आहे आणि ती आता सुटायची नाही.

ताई, वसंत सुरू झाला की नवीन फॅशन बघून मी हौसेने चार-पाच कपडे घेते. पुढच्या वर्षी त्यातलं एकही घालावंसं वाटत नाही. कपाट ओसंडून वाहतंय आणि घालायला काही नाही. नेमकं काय घेऊ?
– नोकरी करणारी वाचक, वय ३४

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. वसंत-ग्रीष्माची म्हणून जी फॅशन तुमच्यासमोर येते, ती न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिसच्या फॅशन वीकमध्ये आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच दाखवून झालेली असते. तुम्ही 'नवीन' म्हणून हातात घेता तेव्हा तिकडे पुढच्या हिवाळ्याचे कोट रॅम्पवर फिरून गेलेले असतात. त्यामुळे घाई कसलीच नाही. पंधरा दिवस थांबलात तर काही मागे पडत नाही.

ते पंधरा दिवस कपाटाला द्या. गेल्या उन्हाळ्याचा प्रत्येक कपडा अंगावर चढवा, दोन्ही हात वर करा, खुर्चीत बसा, खाली वाका. मग स्वतःला विचारा, हा गेल्या वर्षी का घातला नाही? 'कंटाळा आला' हे उत्तर मी मान्य करत नाही. खोदून विचारलं की खरं कारण बाहेर येतं: काखेत काचतो, बसलं की छातीवरची बटणं फाकतात, उन्हात आरपार दिसतं, किंवा सोबत घालायला खाली काही नाही. यातली पहिली तीन दुखणी शिंप्याकडे बरी होतात. काखेत कळी, म्हणजे जोडाचा छोटा तुकडा, घालता येते, फाकणाऱ्या दोन बटणांच्या मधे आतून टिचबटण लावता येतं, विरविरीत कुर्त्याला कमरेपर्यंत पातळ सुती अस्तर देता येतं. हे करण्याआधी कपडा उलटा करून माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, बघा. जुन्या हाताने शिवलेल्या कपड्यात बाजूच्या शिवणीला बऱ्यापैकी माया सोडलेली असते, म्हणजे उसवून सैल करता येतो. तयार कपड्यात ती नखाएवढी असते, आणि त्यावर ओव्हरलॉक, म्हणजे कड कापून घेत मारलेली मशीनची शिलाई, असेल तर विषय संपला. तो कपडा देऊन टाका.

राहिलं चौथं कारण. खरेदी तिथेच करायची, आणि ती खालच्या कपड्याची. वरचे कपडे सगळ्यांकडे ढिगाने असतात, पण दिसण्यात काळ कळतो तो पँटच्या घेरावरून. रुंद पायाची, कमरेला नीट बसणारी एक सुती पँट घ्या. तुमचे जुने पाच टॉप तिच्यावर आपोआप नवे दिसतील. अरुंद पँट रुंद करायचा नाद मात्र करू नका. तेवढं कापड आणणार कुठून?

२०२५ पासून लोण्यासारख्या पिवळ्या रंगाची चलती आहे. मला तो अजिबात शोभत नाही, चेहरा आजारी दिसतो. तरी घ्यावा का?
– एक कॉलेजकन्या

नको घेऊस. अगदीच मोह सुटत नसेल तर तो रंग कमरेच्या खाली ने: स्कर्ट, पँट, बॅग. चेहऱ्यावर उजेड फेकतो तो गळ्याजवळचा रंग. आणि रंगांचे नमुने ठरवणाऱ्या पॅन्टोन कंपनीने २०२६ चा रंग म्हणून 'क्लाउड डान्सर' नावाचा पांढरा निवडला आहे, तो तुझ्या कपाटात असणारच. तेव्हा फॅशनमध्ये तू आधीच आहेस, पैसे न खर्चता.

लिननचा महागडा शर्ट घेतला. ऑफिसला पोचेपर्यंत चुरगळून जातो. माझी फसवणूक झाली का?
– एक त्रस्त गृहस्थ

उलट, चुरगळला नसता तर मला शंका आली असती. लिनन जवसाच्या खोडातल्या धाग्यापासून बनतं. हा धागा मजबूत, पण ताठ. ताणला तर जेमतेम दोन-तीन टक्के लांबतो, म्हणून एकदा मोडला की तिथेच मोडून राहतो. त्याच ताठपणामुळे कापड अंगाला चिकटत नाही आणि आत हवा खेळते, तेव्हा गुण आणि दोष एकाच मुळाचे आहेत. शर्ट पूर्ण वाळू देऊ नका, दमट असतानाच उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवा आणि घडी न घालता हँगरला लावा. घडीवर इस्त्री दाबून तीच तीच रेघ पाडू नका, काही वर्षांनी कापड नेमकं त्या रेघेवर विरतं. एवढं करूनही सुरकुत्या खुपत असतील तर लिनन-कॉटन मिश्रण घ्या. नाहीतर सीअरसकर. त्यात विणतानाच काही उभे धागे ढिले सोडून मुद्दाम चुण्या पाडलेल्या असतात, त्यामुळे इस्त्रीची कटकटच मिटते. माझं विचाराल तर सुरकुत्यांसकट लिनन देखणं दिसतं. खांद्याला नीट बसलेला शर्ट चुरगळला तरी गबाळा दिसत नाही.

'नैसर्गिक, उन्हाळ्यासाठी उत्तम' म्हणून घेतलेला ड्रेस पहिल्याच धुण्यात दोन इंच आटला. आतल्या लेबलवर व्हिस्कोस लिहिलंय. हे सुतीच ना?
– एक वाचक

नाही. व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून बनवतात. मूळ झाडाचं, घडण कारखान्याची. उन्हाळ्याला ते वाईट नाही, घाम चांगलं पितं. साधारण दमट हवेत सुती धागा वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतो, लिनन बारा, व्हिस्कोस त्याच्या आसपास किंवा थोडं जास्तच, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पॉलिएस्टरचा झुळझुळीत ड्रेस उन्हात का नकोसा होतो ते यावरून कळेल. पण व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते आणि ते आटतंही. गार पाणी, पिळायचं नाही, वाळत घालताना हाताने हलकेच ओढून सरळ करायचं. पुढच्या वेळी दोन इंच लांबच घ्या, पहिल्या धुण्यानंतर मगच खालची दुमड पक्की करा.

लेबल कापून टाकलेलं असेल तर आतल्या शिवणीतून कापडाचा एक धागा ओढून घ्या. शिलाईचा दोरा नको, तो बहुतेक वेळा पॉलिएस्टरचाच असतो. धागा चिमट्यात धरून बेसिनवर जाळा. सुती, लिनन आणि व्हिस्कोस भराभर जळतात, कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरली जाते. पॉलिएस्टर वितळत आकसतं आणि टोकाला टणक मणी तयार होतो. मणी गार होईपर्यंत हात लावू नका, चटका बसतो. राख आणि मणी दोन्ही दिसले तर मिश्रण समजा.

मी फक्त काळे कपडे घालतो. आई म्हणते उन्हाळ्यात वेडा आहेस. तुम्ही आईच्या बाजूने की माझ्या?
– काळाप्रेमी

कपडा कसा बेतलाय त्यावर अवलंबून. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात, यावर १९८० साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक अभ्यास आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापत होता, पण ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच निघून जात होती, कारण झगा सैल होता आणि आत हवा फिरत होती. शिवाय गडद रंग अतिनील किरणं जास्त अडवतो. पांढऱ्या पातळ सुती टी-शर्टचा यूपीएफ (कापड ही किरणं किती अडवतं त्याचं माप) पाचच्या आसपास असतो, म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा किरणं आत येतात. तेव्हा सैल, सुती, काळा कुर्ता घालून खुशाल फीर. अंगाला चिकटलेला काळा टी-शर्ट घालणार असशील तर मी आईच्या बाजूने.

उंची पाच फूट तीन इंच आहे. रुंद पँटमध्ये आणखी बुटका दिसेन का?
– एक तरुण

घोट्याच्या वर संपली तर दिसशील. कंबर उंच ठेव, लांबी बुटाच्या टाचेच्या वरपर्यंत आण, शर्ट आत खोच किंवा शर्टाची लांबी कमी कर. समोरच्या चुण्या दोनच, त्याही खिशाकडे वळवलेल्या. आणि पँट शिंप्याकडे नेताना जे बूट घालणार आहेस तेच पायात असू देत, चपलेवर माप देऊ नकोस.

लोकरीचे कपडे ठेवून देण्याआधी धुवायलाच हवेत का? एकदाच घातलेत.
– घाईत असलेली वाचक

हवेत. कसरीच्या अळ्या लोकर खातात, आणि घामाचा किंवा अन्नाचा डाग लागलेल्या जागी आधी लागतात. धुऊन, खडखडीत वाळवून, बंद पिशवीत ठेवा. डांबराच्या गोळ्या ठेवणार असाल तर कापडाला थेट लागू देऊ नका.