कोबातील पहिला सायकलदिवस

मेक्सिकोतील तुलुम, कोबा आणि चिचेन इत्सा ही प्राचीन माया संस्कृतीच्या अवशेषांची तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात बसवण्याचा तुमचा बेत आहे. नवख्यांची सर्वांत मोठी चूक हीच असते, म्हणून तो दिवस केवळ कोबाला द्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

सायकल सोबत नेण्याची गरज नाही, कारण ती अवशेषांच्या आवारातच भाड्याने मिळते. घेताना ब्रेक आणि हवा तपासा, बैठकीची उंची जुळवून घ्या आणि पेसोत रोख रक्कम जवळ ठेवा. वाट सपाट आहे. खरा त्रास उन्हाचा आणि दमटपणाचा होतो, त्यामुळे दार उघडताच आत शिरावे आणि पाणी भरपूर न्यावे. शेजारच्या युकातान राज्यातील व्हायादोलिद शहरातून येणार असाल, तर कोबाचे घड्याळ एक तास पुढे असते, हे विसरू नका.

दुसरी चूक म्हणजे सुमारे ४२ मीटर उंचीच्या नोहोच मूल या पिरॅमिडकडे थेट धाव घेऊन तसेच परतणे. मकानशोक या अवशेषांच्या गटाकडे वळणारी वाट मुळीच सोडू नका, कारण तेथील पहिल्या क्रमांकाच्या शिलास्तंभावर माया कालगणनेचा आरंभदिवस, म्हणजे इसवी सनपूर्व ३११४ मधील तारीख, कोरलेली आहे. अक्षरे झिजली असली, तरी तेथे दहा मिनिटे शांतपणे उभे राहा. चुनखडीने बांधलेले प्राचीन रस्ते, ‘साकबे’, याच झाडीतून जातात आणि त्यांपैकी एक सुमारे १०० किलोमीटर दूर याशुना या प्राचीन माया नगरापर्यंत पोहोचत असे.

शिलालेखांचे वाचन आणि राजवंशांचा तपशील पुढच्या भेटीसाठी राहू द्या.