नवीन गाडीचे फोटो लाँचच्या आधीच कसे फुटतात? कंपनीच मुद्दाम फोडते का?

तुमचा प्रश्न असा आहे की नवीन मॉडेल यायच्या कितीतरी महिने आधी त्याचे फोटो नेटवर असतात, तर हे कंपनीवालेच मुद्दाम फोडतात ना, आणि असा फोटो बघून आत्ताच्या मॉडेलचं बुकिंग कॅन्सल करावं का.

मुद्दाम फोडतात, पण लोकांना वाटतं तितकं नाही. मी सहा-सात वर्षं गाड्यांच्या एका वेबसाईटच्या डेस्कवर होतो, रोज सकाळी उठून असलेच फोटो चाळायचे हीच नोकरी, आणि माझं तरी मत असं झालंय की बऱ्याच गाड्या हेरांमुळे फुटत नाहीत, कागदपत्रांमुळे फुटतात. पेपरफुटीत कसं, प्रश्न काढणारा सहसा फोडत नाही, छापखाना ते परीक्षा केंद्र या वाटेवर कुठेतरी फुटतो, तसंच आहे हे.

पण आधी रस्त्यावरच्या फोटोंबद्दल, कारण तुम्ही बघितलेला फोटो बहुतेक त्यातलाच असणार. गाडी बनवायला तीन-चार वर्षं लागतात आणि त्यातला बराच काळ ती खऱ्या रस्त्यावर चालवावीच लागते, त्याला इलाज नाही. सुरुवातीला जुन्या मॉडेलच्या बॉडीखाली नवीन इंजिन, नवीन सस्पेन्शन घालून फिरवतात, त्याला टेस्ट म्यूल म्हणतात, त्याच्यावरून दिसण्याबद्दल काहीच कळत नाही. मग खरी बॉडी येते, पण तिच्यावर प्लॅस्टिकचे खोटे पॅनल, आत फोमच्या गाद्या, वरून ती काळीपांढरी वेटोळ्यांची स्टिकर. ती नक्षी उगाच नसते, त्यात कॅमेऱ्याला आणि डोळ्याला कडा आणि वळणं धड ओळखू येत नाहीत. पहिल्या महायुद्धात जहाजांना असेच झेब्र्यासारखे पट्टे रंगवायचे, म्हणजे पाणबुडीवाल्याला जहाज कुठल्या दिशेनं चाललंय तेच कळू नये.

मी एकदा अशी गाडी पेट्रोल पंपावर अगदी हाताच्या अंतरावर बघितली होती. बाहेरून काय, सगळं गुंडाळलेलं. मी काचेतून आत बघितलं तर डॅशबोर्डवर पूर्ण काळं कापड, वेलक्रोनं चिकटवलेलं, फक्त स्टिअरिंगमागे मीटरपुरती फट ठेवलेली, खालून वायरींचे जुडगे टेपनं बांधून मागच्या सीटवरच्या लॅपटॉपकडे गेलेले आणि गिअरजवळ एक मोठ्ठं लाल बटण. कापडाचा डावा कोपरा सुटून लोंबत होता आणि तिथून उभी स्क्रीन दिसत होती, जुन्या मॉडेलमध्ये आडवी असायची. एवढंच. ड्रायव्हर पैसे देऊन आला, माझ्याकडे बघितलं, काही न बोलता तो कोपरा अंगठ्यानं दाबून चिकटवला आणि निघून गेला. त्या एका कोपऱ्यावर आम्ही अख्खी बातमी केली, आणि खरं सांगायचं तर त्यात स्क्रीन सोडून बाकी सगळा अंदाजच होता.

या धंद्यात फक्त असल्या झाकलेल्या गाड्यांचे फोटो काढणारे फोटोग्राफर आहेत आणि त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. हिवाळ्यात स्वीडनच्या उत्तरेला आर्येप्लोग, तिथे गोठलेल्या तळ्यांवर युरोपातल्या कितीतरी कंपन्या टेस्टिंग करतात, उन्हाळ्यात अमेरिकेतली डेथ व्हॅली आणि वर्षभर जर्मनीचा न्यूरबुर्गरिंग हा रेसचा ट्रॅक, त्याची जुनी २०.८ किलोमीटरची वाट, नॉर्डश्लायफं. बर्फ, ऊन आणि वळणं काही घरी आणता येत नाहीत, त्यामुळे कंपनीला तिथे जावंच लागतं आणि फोटोवाला तिथे आधीच बसलेला असतो. जर्मन भाषेत अशा झाकलेल्या गाडीला चक्क एर्लक्योनिग म्हणतात. १९५२ मध्ये आउटो मोटोर उंड श्पोर्ट या मासिकानं मर्सिडीजच्या येऊ घातलेल्या १८० मॉडेलचा चोरटा फोटो छापला आणि त्यासोबत गटे या जर्मन कवीच्या एर्लक्योनिग कवितेच्या चालीवर विडंबन टाकलं, तेव्हापासून नावच पडलं. म्हणजे हा प्रकार इंटरनेटनं आणलेला नाही, सत्तर वर्षं झाली त्याला.

आता कागद. यावर फार कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर. गाडी विकायची तर सरकारी मंजुरी लागते आणि सरकारी खाती गुपितं ठेवायला बसलेली नसतात. चीनमध्ये उद्योग मंत्रालय मंजुरीला आलेल्या गाड्यांच्या याद्या जाहीर करतं, त्यात फोटो, लांबी-रुंदी, वजन, मोटरची पॉवर, सगळं. फोटोही कसे, स्टुडिओचं लायटिंग नाही की काही नाही, पुढून आणि मागून, आधार कार्डावरच्या फोटोसारखे. किती तरी गाड्या जगानं पहिल्यांदा तिथेच बघितल्यात. अमेरिकेत व्हीआयएन, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकातलं कुठलं अक्षर म्हणजे कुठलं इंजिन ही माहिती कंपनीला विक्रीच्या किमान ६० दिवस आधी एनएचटीएसए या तिथल्या वाहनसुरक्षेच्या सरकारी खात्याकडे द्यावी लागते, आणि ती सगळ्यांना बघता येते. मग कोणीतरी रात्री बसून ते पीडीएफ वाचतो आणि त्याला न सांगितलेलं इंजिन सापडतं. तिसरं म्हणजे डिझाईन रजिस्ट्रेशन. नक्कल होऊ नये म्हणून कंपनी डिझाईन नोंदवते आणि नोंदवलं की ते प्रसिद्ध होतं. युरोपात ते ३० महिन्यांपर्यंत पुढे ढकलता येतं, पण त्यासाठी कोणीतरी ते मागायला हवं, आणि कधी एका देशात मागितलेलं असतं, दुसऱ्या देशात राहून जातं. संपलं. राखाडी रंगाच्या, चाकंबिकं सगळं असलेल्या ड्रॉइंग्ज सगळीकडे.

लाँचच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात जे फुटतं ते मात्र बहुतेक वेळा कुठल्या तरी डेस्कवरची चूक असते. ब्रोशर छापणारा, डीलरच्या मीटिंगमध्ये टेबलाखालून फोटो काढणारा, खेळण्यातली गाडी बनवणारी कंपनी (त्यांना मापं खूप आधी द्यावी लागतात), वेबसाईटवर पान तयार करून ठेवणारा आणि आम्ही पत्रकार. मीडियाला फोटो आणि माहिती आधीच दिलेली असते, एम्बार्गो म्हणतात त्याला, अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत छापायचं नाही. माझ्याच हातून एकदा झालं हे. वेळ युरोपातली दिली होती, मी शेड्यूल करताना टाईम झोन बदलायला विसरलो, आणि लेख काही तास आधी लाइव्ह गेला. बारा-पंधरा मिनिटांत काढला, पण तोवर स्क्रीनशॉट फिरले होते आणि दुसऱ्या साईटवर हेडिंग झळकलं, "लाँचपूर्वीच फोटो लीक". खाली कमेंटमध्ये लोक लिहितायत, हे सगळं कंपनीचं मार्केटिंग आहे, येडं बनवतात. मी आपला वाचतोय आणि बॉसचा फोन वाजतोय. पुढच्या दोन लाँचला आम्हाला बोलावणंच आलं नाही.

म्हणून सगळं मुद्दाम असतं म्हणतात तेव्हा मला हसू येतं. कंपनीचं खरंच नुकसान होतं ना यात, नवीन येतंय म्हटलं की शोरूममधलं जुनं मॉडेल कोणी घेत नाही. आणि राग किती येतो, तर २००८ मध्ये रेनॉच्या तक्रारीवरून फ्रान्समध्ये ओटो प्लुस मासिकाच्या एका पत्रकाराला पोलिसांनी दोन दिवस कोठडीत ठेवलं होतं, न आलेल्या गाडीचे फोटो छापले म्हणून. मार्केटिंगसाठी कोणी एवढ्या थराला जात नाही.

पण हो, झाकता येत नाही म्हटल्यावर त्याचाच उपयोग करून घ्यायला शिकलेत हे पण खरं. कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारचं इंजिन पुढून मध्यभागी येणार हे सगळ्यांना माहीत होतं, चोरटे फोटो येऊन बराच काळ झाला होता, मग जनरल मोटर्सनं २०१९ च्या एप्रिलमध्ये स्टिकर लावलेली गाडी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उघड फिरवली, आत कंपनीच्या प्रमुख मेरी बारा स्वतः, आणि गाडीवर लाँचची तारीख, १८ जुलै. याला लीक म्हणायचं का जाहिरात, तुम्हीच ठरवा. उलट उदाहरण पाहिजे तर फोर्ड जीटी ही स्पोर्ट्स कार. २०१५ च्या जानेवारीत डेट्रॉइट शोमध्ये ती आली तेव्हा लोक खरोखर चाट पडले, कारण मोजक्या लोकांनी ती तळघरातल्या एका कुलूपबंद खोलीत बनवली होती. पण ती शोसाठीची गाडी होती, रस्त्यावर टेस्टिंग, मंजुऱ्या, डीलर हे सगळं अजून पुढेच होतं, म्हणून जमलं.

आता तुमचं बुकिंग. फोटोत हेडलाईट बघा. आत नुसते गोल बल्ब ठोकलेले असतील, मागचे दिवे कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचे वाटत असतील, तर अजून भरपूर वेळ आहे, खुशाल आत्ताची घ्या. हेडलाईट-टेललाईट फायनल दिसतायत, खोटे पॅनल गेलेत, अंगाला फक्त पातळ स्टिकर उरलंय, तर काही महिन्यांचाच प्रश्न आहे, डीलरला नवीन कधी येतंय हे विचारू नका, तो सांगणार नाही, जुन्यावर किती कमी करता ते विचारा आणि तो किती पटकन कमी करतो ते बघा. आणि फोटोत गाडी चकचकीत लाल रंगात, स्टिकर नाही, नंबरप्लेट नाही, खाली रस्त्यावर सावली पण धड नाही, तर तो फोटोच नाही, कोणीतरी कॉम्प्युटरवर बनवलेलं रेंडर आहे. त्याच्यावरून कॅन्सल केलंत तर अवघड आहे, कारण ते बनवणाऱ्यालाही तुमच्याइतकंच माहीत असतं.