बर्फ वितळल्यानंतरची मासेमारी: वाचकांचे प्रश्न

मिनेसोटातील तळ्यांवरचा बर्फ वितळू लागला की इथल्या मराठी वाचकांकडून दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न: आमच्या तळ्यावरचा बर्फ एप्रिलमध्येच गेला. आता वॉलाय (इथला गोड्या पाण्यातला मासा) धरता येईल का?

नाही. वॉलायचा हंगाम मे महिन्यात उघडतो; नेमकी तारीख त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहावी. परवान्याचे वर्ष 1 मार्चपासून धरले जाते, त्यामुळे गेल्या उन्हाळ्यातला परवाना चालत नाही. नवा आजच काढा.

प्रश्न: गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी लीच लेकवर भर दुपारी खोल पाण्यात गळ टाकून बसलो, पण एकही मासा लागला नाही. काय चुकले?

जागा चुकली आणि वेळही. पाणी साधारण 6 ते 10 अंश सेल्सिअस झाले की वॉलाय दगडगोट्यांच्या उथळ काठाशी किंवा नदीच्या मुखाशी अंडी घालतो, आणि मेच्या मध्यात वीण नुकतीच आटोपलेली असल्याने बरेच मासे, विशेषतः नर, तिथेच रेंगाळत असतात. वॉलायला मंद उजेडात चांगले दिसते. म्हणून संध्याकाळ, ढगाळ दिवस किंवा वाऱ्याच्या लाटांनी ढवळलेला काठ निवडावा. साडेतीन ग्रॅमच्या जिगला (वजनदार डोक्याच्या गळाला) शायनर, म्हणजे आमिषाचा छोटा चंदेरी मासा, ओठातून ओवून तो तळाला टेकू द्यावा, वीतभर उचलावा आणि पुन्हा सावकाश खाली सोडावा, कारण थंड पाण्यातला मासा आमिषाच्या मागे फार धावत नाही. कोणत्या लांबीचा मासा ठेवता येतो, हे तळ्यागणिक बदलते; आमिषाच्या दुकानात विचारूनच होडी पाण्यात घाला.

प्रश्न: खास वासाचे महागडे आमिष घ्यावे का?

नको. चुकीच्या जागी टाकलेला गळ कोणत्याही वासाने सुधारत नाही.

प्रश्न: मी लहानपणापासून कृष्णेत पोहत आलो आहे. हवा 24 अंश असतानाही लाइफ जॅकेट घालायलाच हवे का?

हवेच. मे महिन्यात हवा उबदार असली तरी पाणी अनेकदा 10 अंशांच्या आसपासच असते, आणि अशा पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावर ताबाच राहत नाही. धाप लागून तोंड उघडते आणि त्या क्षणी डोके पाण्याखाली असले तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते जेमतेम दहा मिनिटे. शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण तास लागतो, पण जॅकेटवाचून तेवढा वेळ मिळतच नाही. ‘होडी उलटलीच तर घालू’ असे सांगणाऱ्यांनी बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवून ठेवावीत आणि मग बक्कल लावून पाहावे. होडी चालू असताना दहा वर्षांखालील मुलांना जॅकेट घालणे इथल्या कायद्याने सक्तीचे आहे; मोठ्यांना सूट आहे म्हणून पाणी त्यांच्यासाठी कोमट होत नाही. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल, तर होडीत बसण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: पत्नी गरोदर आहे. चरबी काढून शिजवलेला मोठा वॉलाय चालेल का?

भीती आहे ती माशातल्या विषारी पाऱ्याची. पारा चरबीत नव्हे तर मांसात साठतो, त्यामुळे चरबी काढून किंवा शिजवून तो जात नाही, आणि मासा मोठा तितका पारा जास्त. राज्याच्या आरोग्य विभागाने तळ्यानुसार दिलेले प्रमाण पाहा, ते डॉक्टरांना दाखवा आणि मगच मासा ताटात वाढा.