पाय दुखतात, पण दुखणं एक नसतं

प्रश्न : मी ऊसतोड करते, धारूर तालुका. वय 41. आठ वर्षांपूर्वी पिशवी काढली. आता मांड्या ठणकतात, मोळी उचलली की पाठीत कळ येते.

ताई, आधी ऑपरेशनची जुनी फाईल काढा. पिशवीसोबत अंडाशयंही काढली का, ते त्यात असतं. अंडाशयातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन हाडांची झीज रोखून धरतं. ते एकाएकी बंद झालं की ऐन तिशीत, चाळिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात. बीडच्या ऊसतोड महिलांच्या या ऑपरेशनांवरून 2019 साली विधान परिषदेत प्रश्न आला, समिती नेमली गेली. पण त्या बायांच्या हाडांचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. मला ते फार खुपतं.

अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ आहे. तिथे हाडांच्या डॉक्टरांना पिशवीचं आवर्जून सांगा, मणक्याचा एक्स-रे काढा, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचं विचारा. मणका दबलेला असू शकतो, म्हणून तोवर मोळी उचलू नका. हातावर पोट असताना हे किती अवघड आहे, ते मला कळतं; तरी सांगते. दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ज्वारीच्या भाकरीतून ते फार कमी मिळतं. भाकरीसोबत तिळाची चटणी आणि दही-ताक रोज असू द्या.

प्रश्न : वडील 58 वर्षांचे. मान वळत नाही, मांडी घालता येत नाही. गावात पुष्कळांचे दात तपकिरी आहेत. (किनवट)

दातांचं लिहिलंत ते बरं केलंत. तुमच्या तालुक्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडलेलं आहे; त्याने दात तपकिरी होतात आणि सांधेही ताठरतात. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं; दुसरं पाणीच नसेल तर फार तर 1.5. ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. वडिलांच्या सांध्यांचा ताठरपणा बहुधा पूर्ण जाणार नाही, पण घरातल्या लेकरांचं पाणी आजच बदला.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. मेडिकलमधून रोज एक गोळी आणतो. (परभणी)

रोजची दुखण्यावरची गोळी थांबवा. तिने किडनी आणि जठराला इजा होते. डॉक्टरांना दाखवा आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्या.

प्रश्न : प्लास्टर काढलं, आता त्याच पायाची पोटरी सुजून गरम लागते. चोळू का?

अजिबात चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. आजच दवाखाना गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर 108 ला फोन करा.